तिसऱ्या मजल्यावरची बेल

तिचं खरं नाव इस्पितळात फारच थोड्यांना माहीत होतं. खांद्यावर निळ्या तारांचं वेटोळं, कमरेला बारीक पेचकसांची पिशवी आणि काखेत लॅपटॉप अशी ती वॉर्डात शिरली, की आया एकमेकींना म्हणायच्या, "आल्या बघ तारामावशी." त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या अवाढव्य इमारतीच्या भिंतींतून, छतावरून, जिन्याच्या कडेकडेनं गेलेली प्रत्येक तार तिच्या ओळखीची होती. त्या तारा प्रत्येक मजल्यावरच्या एका लोखंडी कपाटात येऊन मिळायच्या. कपाटात असायचा स्विच, म्हणजे इकडचा निरोप तिकडच्या यंत्राला नेमका पोचवणारी चपटी पेटी. या पेट्यांची देखभाल हे तिचं काम.

तारामावशी शिकलेली इंजिनीअर होती. पहिली काही वर्षं तिनं टेलिफोनच्या कंपनीत काढली, मग लग्न झालं आणि ते काही धड झालं नाही. एका सकाळी ती एक बॅग घेऊन दादाच्या दारात उभी राहिली. दादा नुसताच चष्मा पुसत राहिला. वहिनीनं मात्र तिच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "आंघोळ करून घे आधी. पाणी गरम आहे." का आलीस, किती दिवस राहणार, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही.

वहिनी त्याच इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर सिस्टर होती. "आमच्याकडे तारांचं कळणारं माणूस हवंय म्हणे," असं तिनंच एके दिवशी सांगितलं, आणि तारामावशीला ही नोकरी लागली. आयांनी पाडलेलं नाव वहिनीला इतकं आवडलं की घरीही ती नणंदेला "तारे" म्हणायला लागली. दोघी एकाच बसनं जायच्या, एकाच बसनं यायच्या. वहिनीचं हसू मोठं होतं, बसमधले लोक वळून बघायचे. दादा म्हणायचा, "तुम्ही दोघी मिळून माझी खिल्ली उडवता, हे मला कळतं बरं का." ते खरंही होतं.

इस्पितळात पूर्वी साधी बेल होती. खाटेशेजारचं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावर कर्कश आवाज व्हायचा आणि खोलीच्या दारावर लाल दिवा लागायचा. आवाजानं बाकीचे पेशंट वैतागायचे. म्हणून नवी व्यवस्था आली. प्रत्येक सिस्टरच्या खिशात एक छोटा फोन, आणि बटण दाबलं की वाजणार तो त्या मजल्यावरच्या सगळ्या सिस्टरच्या खिशात. दारावरचे जुने दिवे काढून टाकले. ही सगळी जोडणी तारामावशीनंच केली. एकेका खाटेवर जाऊन बटण दाबून पाहिलं. वहिनी खिशावर थोपटत म्हणाली, "घरी तर तू असतेसच, आता इथंही माझ्या खिशात येऊन बसलीस."

तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक चित्रकलेचे मास्तर होते. कधीचे निवृत्त झालेले, बायको गेलेली, एकच मुलगी. छातीच्या दुखण्यानं आले होते आणि बरे होत चालले होते. हातात पेन्सिल आणि मांडीवर कागद घेऊन ते दिवसभर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं चित्र काढायचे. वहिनीचं त्यांनी काढलेलं चित्र बघून ती म्हणाली होती, "मास्तर, नाक एवढं मोठं नाहीये माझं." मास्तर म्हणाले, "सिस्टर, मी कमीच काढलंय."

एका दुपारी मास्तरांना अचानक धाप लागली. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वहिनी त्या वेळी त्याच मजल्यावर, दुसऱ्या टोकाला, एका बाईची जखम धुऊन पट्टी बांधत होती. दुसरी सिस्टर औषधं आणायला खाली गेली होती. वहिनीचा खिसा गप्प होता. भेटायच्या वेळेला मास्तरांची मुलगी फळांची पिशवी घेऊन आली, तर वडील खाटेवर एका कुशीला कलंडलेले, डोळे अर्धवट उघडे, आणि बेलचं बटण मुठीत घट्ट धरलेलं. डॉक्टर धावत आले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"यांनी बेल वाजवली होती. मग कुणी आलं कसं नाही?" मुलगी एवढंच विचारत होती. ओरडली नाही, एकेकाकडे जाऊन विचारत राहिली. वहिनी म्हणाली, "माझ्याकडे वाजली नाही हो." मुलीनं तिच्याकडे असं पाहिलं, की वहिनीनं आपोआप एक पाऊल मागं घेतलं.

तारामावशी त्या दिवशी मागच्या इमारतीत नव्या तारा ओढत होती. तिला बातमी कळली ती संध्याकाळी बसथांब्यावर, वहिनीच्याच तोंडून. दुसऱ्या दिवशी पहिलं काम म्हणून ती तिसऱ्या मजल्यावर गेली. बेलच्या सर्व्हरवर, म्हणजे बेल फोनांकडे पाठवणाऱ्या संगणकावर, नोंद स्पष्ट होती. कोपऱ्यातल्या खोलीतून बेल आली, पुढं पाठवली, पुन्हा आली, पुन्हा पाठवली. सर्व्हरनं आपलं काम चोख केलं होतं. मग तिनं स्विच पाहिला, फोन पाहिला, खोलीत जाऊन बटण दाबलं. खिशातला फोन लगेच वाजला. दहा प्रकारे दाबून पाहिलं, दर वेळी वाजला. तरी ती दाबत राहिली. कारण दोष सापडला असता तर वहिनी सुटली असती.

चौकशीला तिघंजण बसले होते. सगळ्या सिस्टरच्या प्रमुख म्हणजे मेट्रन, एक वयस्क डॉक्टर आणि कार्यालयातले एक अधिकारी. वहिनी भिंतीजवळच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून. तारामावशीला बोलावलं तेव्हा अधिकाऱ्यांनी आधीच सांगितलं, "या तुमच्या वहिनी आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा जपून आणि खरं सांगा."

"खरंच सांगेन."

"बेल वाजत नव्हती, असं यांचं म्हणणं आहे. तुम्ही तपासलंत?"

"तपासलं."

"मग?"

इथं तिला एवढंच म्हणायचं होतं, की मला दोष दिसला नाही. तेवढंच तिला माहीत होतं. पण घरच्या माणसाची बाजू घेतेय असं कुणाला वाटू नये, या धास्तीनं तिचा आवाज नको तितका खणखणीत झाला. वहिनीकडे न बघताच ती म्हणाली, "यंत्रणेत काही दोष नाही."

मेट्रननी मान खाली घातली. वहिनीनंही मग नणंदेकडे पाहिलं नाही, ती समोरच्या टेबलाच्या पायाकडे बघत राहिली.

वहिनीला कामावरून काढलं. इतकी वर्षं जिनं कधी पेशंटला ताटकळत ठेवलं नव्हतं, तिच्या नावापुढे हलगर्जीपणा लागला. घरी आल्यावर तारामावशी बोलायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. वहिनीच म्हणाली, "तुला जे दिसलं ते तू सांगितलंस. जेवून घे." त्यानंतर त्या घरात बोलणी नेहमीचीच राहिली. दूध आणलं का, लाईटचं बिल भरलं का, पाऊस येईलसा वाटतो. भांडण झालं असतं तर बरं, असं दादाला वाटायचं. तो जेवताना उगाच काहीतरी विनोद करायचा आणि कुणी हसलं नाही की स्वतःच पाणी प्यायचा.

वहिनीला दुसऱ्या इस्पितळात नोकरी मिळणं अवघड होतं आणि तिनं ती शोधलीही नाही. दादाच्या ओळखीनं एका कापडाच्या दुकानात ती ठाण उलगडून दाखवायचं आणि पुन्हा घड्या घालायचं काम करू लागली. घरी असली की मधेच भांडी घासता घासता नळ बंद करायची आणि मान वर करून उभी राहायची.

"काय झालं?" तारामावशी विचारायची.

"काही नाही. वाटलं काहीतरी वाजलं."

असं वारंवार व्हायला लागलं, तेव्हा दादानं दाराची घंटाच काढून ठेवली. त्यानं काही फरक पडला नाही.

तारामावशीनं शोध सोडला नव्हता. सवड मिळाली की ती तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटापुढं जाऊन उभी राहायची. हिरवे दिवे आपले लुकलुकत असायचे. कुठंतरी पाणी मुरतंय, असं तिचं मन म्हणायचं, पण हाताला काही लागायचं नाही. लोकांना वाटायचं, घरच्या माणसासाठी जीव तुटतोय बिचारीचा, दुसरं काय.

आणि मग एके दिवशी सकाळी चहा पिता पिता तिचे साहेब सहज बोलून गेले. साहेब म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख. माणूस साधा, घाईगडबडीचा, कुणाचंही काम अडलेलं त्यांना बघवायचं नाही. ते म्हणाले, "तो तिसऱ्या मजल्यावरचा स्विच पुन्हा रुसलाय बघा. इथून उत्तरच देत नाही. मागच्यासारखंच वर जाऊन बंद करून चालू करावा लागणार."

"मागच्यासारखं म्हणजे कधी?"

"तुम्ही मागच्या इमारतीत होता तेव्हा. ते मास्तर गेले ना, त्याच दिवशी. त्या गडबडीत तिथला एक नवीन संगणक काही केल्या जोडला जाईना, म्हणून मीच वर गेलो आणि रीस्टार्ट केला. लगेच सुरळीत झालं."

तारामावशीनं कप खाली ठेवला, तो बशीत न बसता कडेला टेकला आणि चहा टेबलावर सांडला. तिला पुसायचं भान राहिलं नाही. ती म्हणाली, "साहेब, आता त्याला हात लावायचा नाही. कुणीही लावायचा नाही."

"अहो, पण वॉर्डाचं काम..."

"संगणक चालू आहेत ना तिथले? मग थांबा."

जिन्यावरून ती वर गेली ती थेट मेट्रनकडे. म्हणाली, "सगळ्या सिस्टरना खोल्यांच्या दाराशी उभं करा. बेल मेलेली असण्याची शक्यता आहे. कुणीही फोनवर विसंबू नका." मेट्रन या बाईला बरीच वर्षं ओळखत होत्या. त्यांनी कारण विचारलं नाही, आधी माणसं हलवली.

कोपऱ्यातली खोली त्या दिवशी रिकामी होती. पेशंट सकाळीच घरी गेला होता, गादीवर नवी चादर घातलेली होती. तारामावशी खाटेच्या कडेला बसली. डाव्या हातात सिस्टरचा फोन, उजव्या हातात बेलचं बटण. तिनं बटण दाबलं. बटणावरचा बारीक दिवा लागला, म्हणजे बेल गेली. हातातला फोन गप्प. पडद्यावर 'जोडलेला आहे' अशी खूण तशीच. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा दिवा लागला. ती दाबत राहिली. मेट्रन दारात उभ्या होत्या आणि एकदा बटणाकडे, एकदा फोनकडे बघत होत्या. शेवटी त्या आत आल्या आणि त्यांनी तारामावशीच्या हातातून बटण हळूच सोडवून घेतलं.

"पुरे आता," त्या म्हणाल्या.

मग कपाट उघडलं. बाहेरून स्विच उत्तर देत नव्हता, म्हणून तारामावशीनं त्याच्या मागच्या खास तोंडात थेट तार खुपसली आणि जमिनीवर मांडी घालून लॅपटॉप उघडला. साहेब जिन्याच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या लक्षात थोडंथोडं यायला लागलं होतं. स्विचचा विचार करणारा मेंदू एक आणि तारांकडून निरोप उचलणारे भाग वेगळे. त्यांचं आपसातलं बोलणं आतल्या स्मृतीच्या लहान लहान कप्प्यांमधून चालतं. या कप्प्यांना बफर म्हणतात. तिनं आज्ञा दिली आणि पडद्यावर ओळ उमटली. एकही कप्पा मोकळा नव्हता.

मेट्रननी विचारलं, "म्हणजे काय झालंय, मला समजेल असं सांग."

"आपल्या कॅन्टीनमध्ये ट्रे असतात ना? ट्रेमध्ये जेवण घ्यायचं, जेवून झालं की ट्रे परत ठेवायचा. समजा काही माणसं ट्रे परतच ठेवत नाहीत. पहिले काही दिवस कळणारही नाही. मग एक दिवस स्वयंपाक तयार, माणसं रांगेत, आणि वाढायला ट्रेच नाही. इथं तसं झालंय. निरोप येतात, पण आत न्यायला रिकामा कप्पा नाही. मग ते तिथंच टाकून दिले जातात."

"पण मग संगणक कसे चालतात?"

"त्यांचे निरोप मेंदूपर्यंत जातच नाहीत, परस्पर इकडून तिकडे जातात. बेलचं तसं नाही. एक बेल सगळ्या सिस्टरना जायची, तर कुठल्या फोनला द्यायची हे मेंदूला माहीत पाहिजे. फोन दर थोड्या वेळानं सांगत असतात, मी इथं आहे. ते सांगणं आत पोचलं नाही की मेंदू समजतो, कुणीच नाही. मग बेल येते आणि इथंच संपते."

मेट्रननी पदराआड नव्हे, उघडपणे डोळे पुसले. चौकशीत त्याही बसल्या होत्या.

"आता रीस्टार्ट करू का?" साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं. "केलं की बेल चालू होईल."

"होईल. आणि सगळा पुरावाही पुसला जाईल. सिस्टर दाराशी उभ्या आहेत, तोवर मला बघू द्या."

अडकून पडलेल्या कप्प्यांमध्ये काय आहे, हे तिनं एकेक उघडून पाहिलं. सगळ्यांमध्ये एकाच जातीचा निरोप. खालच्या प्रतीक्षागृहात भिंतीवर माहिती दाखवणारे टीव्हीसारखे नवे पडदे लावले होते, ते अधूनमधून स्वतःची ओळख सांगणारा निरोप सोडायचे. त्याची शेवटची काही अक्षरं वेडीवाकडी होती. स्विचमधला प्रोग्रॅम तो निरोप उघडायचा, शेपटाशी आला की गोंधळायचा आणि काम अर्धवट टाकून द्यायचा. टाकताना कप्पा रिकामा करायचं मात्र विसरायचा. पडदे त्याच स्विचवर जोडलेले होते, कारण त्याला मोकळी तोंडं होती. ती जोडणी करायला तिनंच सांगितलं होतं. त्यात चूक काही नव्हती, तरी तिनं तो निरोप पुन्हा एकदा वाचला.

हे सगळं तिनं टिपून घेतलं, पडद्यांच्या तारा ओढून काढल्या आणि मग साहेबांना म्हणाली, "आता करा." स्विच बंद होऊन चालू झाला. मेट्रननी फोन घेऊन कोपऱ्यातली खोली गाठली आणि बटण दाबलं, तसा त्यांच्या हातात फोन खणखणला.

स्विच बनवणाऱ्या कंपनीनं दोष कबूल केला आणि दुरुस्त केलेला प्रोग्रॅम पाठवला. साहेबांनी इस्पितळाच्या प्रमुखांपुढे जाऊन, कुणी न विचारता, सांगितलं की त्या दिवशीचा रीस्टार्ट मी केला होता आणि तो मला चौकशीत सांगायला हवा होता, पण ती गोष्ट इतकी रोजची होती की डोक्यातच आली नाही. प्रमुख म्हणाले, त्या सिस्टरना परत बोलवा. पण हे सगळं नंतर. त्या दिवशी तारामावशी लवकर निघाली आणि कापडाच्या दुकानात गेली.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी एका लांबलचक ठाणाची घडी घालत होती. तारामावशीनं ठाणाचं दुसरं टोक धरलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"वहिनी, बेल वाजलीच नव्हती. तू म्हणालीस तेच खरं होतं."

वहिनी घडी घालत राहिली. घडीवर घडी, कडा जुळवून. सगळं कापड संपल्यावर ती स्टुलावर बसली.

"नक्की?"

"मी स्वतः दाबून पाहिलं. तिथंच बसून."

"मग मला रोज ऐकू येते ती कुठली?"

तारामावशीनं घडी घातलेलं ठाण बाजूला सरकवलं.

"तुला सांगितलं नाही मी," वहिनी म्हणाली. "पहिले काही दिवस मी ठाम होते, वाजली नाही म्हणजे नाही. मग सगळे म्हणताहेत, तूही म्हणालीस, तर वाटायला लागलं की वाजली असेल. मग आठवायलाच लागलं. मी पट्टी बांधतेय, खिशात वाजतंय आणि मी मनात म्हणतेय, एवढी गाठ मारते आणि जाते. हे मला असं स्पष्ट आठवतं, तारे. कात्री कुठं होती ते आठवतं."

"असं झालंच नाही, वहिनी."

"हं. आता तू म्हणतेस, झालं नाही."

तारामावशी तिच्या पायाशी बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. वहिनीनं तिच्या केसांवरून हात फिरवला, पण तिचं लक्ष दुकानाच्या दाराकडे होतं.

मास्तरांच्या मुलीला खरं सांगायला हवं होतं. मेट्रन तारामावशीला म्हणाल्या, आपण दोघी जाऊ. वहिनी म्हणाली, मीपण येणार. तिघी गेल्या. मुलीच्या घरातल्या भिंतीवर मास्तरांची पेन्सिलीची चित्रं टाचणीनं लावलेली होती. मुलीनं वहिनीला ओळखलं आणि दार पुरतं न उघडता ती तशीच उभी राहिली. मेट्रननी बोलायला सुरुवात केल्यावर तिनं तिघींना आत घेतलं. तारामावशीनं तिला सगळं समजावलं, ट्रेच्या दाखल्यासकट.

मुलीनं भिंतीवरच्या एका चित्राची निसटलेली टाचणी पुन्हा खोचली. मग म्हणाली, "म्हणजे बाबा बटण दाबत होते, दिवा लागत होता, आणि त्यांना वाटत होतं की कुणीतरी येतंय."

"हो," तारामावशी म्हणाली. खोटं बोलावंसं तिला वाटलं, पण बोलता आलं नाही.

"इतके दिवस मला वाटायचं, या बाईंना आळस आला." तिनं वहिनीकडे पाहिलं. "तुमचा इतका राग केला मी. रोज सकाळी उठून आधी तेच. आता तो कुणाचा करू?"

वहिनी म्हणाली, "माझाच करा. मी होते तिथं. एकदा डोकावले असते."

"नका असं बोलू," मुलगी म्हणाली. पुढं तिनं वहिनीला माफ केलं, गळ्यात पडून रडली वगैरे काही झालं नाही. तिनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आता तुम्ही जा. मला जरा बसू दे." दारापर्यंत आली, आणि कडी लावल्याचा आवाज तिघींनी जिन्यात ऐकला.

वहिनी कामावर परत गेली. आयांनी तिचं टेबल पुसून ठेवलं होतं, साहेब स्वतः वर येऊन हात जोडून गेले. पण ती वहिनी आता पूर्वीची नव्हती. फोन खिशात न ठेवता हातात धरून चालायची. बेल नसताना खोलीत जायची, पेशंटला विचारायची, "बोलावलंत का?" मागच्या खोलीतून निघाली की पुढच्या, मग परत पहिल्या. झोपलेले पेशंट दचकून उठायचे. दुपार होईतो तिचे पाय सुजायचे. एके दिवशी कुणाच्या तरी दंडाला सुई टोचताना फोन वाजला, खरोखरचा वाजला, आणि तिचा हात असा थरथरला की दुसऱ्या सिस्टरला पुढं व्हावं लागलं. त्याच संध्याकाळी तिनं मेट्रनना सांगितलं, "मला जमत नाही. या वेळी मला कुणी काढलेलं नाही, मीच जाते."

तारामावशीनं त्यानंतर सगळ्या मजल्यांवर दारावरचे लाल दिवे पुन्हा बसवून घेतले. त्यांच्या तारा सरळ बटणापासून दिव्यापर्यंत, मधे स्विच नाही की काही नाही. नव्या व्यवस्थेत हे जुनाट दिसतं, असं एकजण म्हणाला, तेव्हा मेट्रननी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या तारा तारामावशीनं स्वतः ओढल्या. आया म्हणायच्या, "मावशी, जरा टेका की." ती म्हणायची, "हा एक मजला होऊ दे."

पुढं दादानं आपणहून दुसऱ्या गावी बदली मागून घेतली. वहिनीला हे शहर नको झालं होतं. प्रत्येक बस इस्पितळावरूनच जाते, असं तिचं म्हणणं, आणि ते जवळजवळ खरं होतं. तारामावशीला त्यांनी बरोबर चल म्हटलं. ती नाही म्हणाली, नोकरीचं कारण सांगितलं आणि इस्पितळाजवळ स्वतःसाठी एक खोली बघून ठेवली. कारण तेवढंच नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं.

सामान टेम्पोत चढवून झाल्यावर दादा ड्रायव्हरशी रस्त्याबद्दल बोलत होता. दोघी फुटपाथवर उभ्या होत्या.

"मी तुझ्यावर रागावले होते," वहिनी म्हणाली. "कधी बोलले नाही."

"मला कळत होतं."

"चूक झाली म्हणून नाही. तू माझ्याकडे बघून बोलली नाहीस, म्हणून."

"वहिनी, तुझ्याकडे बघितलं असतं तर मला बोलताच आलं नसतं."

"हं." वहिनीनं तिच्या खांद्यावरचा धुळीचा डाग झटकला. "आता राग नाहीये. खरंच नाहीये. पण इथं नाही राहवत गं."

"फोन करशील?"

"करीन. नाहीतर तूच कर. मला आवाज सहन होत नाही, तर आधी तुझ्या दादाच्या फोनवर कर, तो मला देईल."

टेम्पो वळणावरून गेला. तारामावशी वर आली. तिनं रिकाम्या खोल्या झाडल्या, भिंतीतले खिळे उपटून भोकं बुजवली, खिडक्या लावल्या आणि किल्ली घरमालकांकडे नेऊन दिली. ते म्हणाले, "बसा, चहा घ्या." ती म्हणाली, "नको, कामावर जायचंय." खरं म्हणजे त्या दिवशी तिची सुट्टी होती.